जूनच्या पहिल्या सरीपासून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घागरीपर्यंत: पहिलीच्या वर्गात खान्देशी ऋतूंसोबत विज्ञान

पहिलीसाठी ऋतूंचे उपक्रम शोधायला बसलं की आयते छापील कागद पोत्यानं मिळतात. ऑक्टोबरच्या कागदावर लाल-पिवळी गळकी पानं, डिसेंबरच्या कागदावर बर्फाचा माणूस. आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात ऑक्टोबरात कडुनिंब गच्च हिरवा असतो, बाजरी खळ्यात आलेली असते आणि कापसाची पहिली वेचणी लागलेली असते. निंबाची पानं गळतात ती फाल्गुनात, आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच फांदीला तांबूस कोवळी पालवी फुटते. सहा वर्षांच्या मुलानं रोज येता-जाता हे पाहिलेलं असतं. त्याला आपण वर्गात बसवून मेपलचं पान रंगवायला दिलं, तर शाळेत सांगतात ते वेगळं आणि खरं असतं ते वेगळं, एवढंच तो शिकतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी एकत्र शिकवते. या लेखातले उपक्रम माझ्या वर्गात अनेकदा झालेले आहेत. सामान म्हणजे पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खिचडीच्या ताटल्या, खडू, दोरा, माती. विकत आणावं असं जवळजवळ काहीच नाही. पण सामानाआधी एक सवय लावून घ्यावी लागते, आणि ती मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त अवघड जाते.

आधी खडा, मग प्रयोग

ती सवय म्हणजे उत्तर आधी न सांगणं. प्रत्येक उपक्रमापूर्वी मुलांना अंदाज विचारायचा. पण नुसतं "काय होईल रे?" विचारलं की पुढच्या बाकावरची दोन मुलं बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात. म्हणून मी खडे वापरते. जमिनीवर दोन झाकणं ठेवते. एकाजवळ खडूनं "बुडेल"चं चित्र, दुसऱ्याजवळ "तरंगेल"चं. प्रत्येक मूल उठून आपला खडा हव्या त्या झाकणात टाकतं. अबोल मूलही खडा टाकतं. टाकला की ते त्या बाजूचं होतं, आणि मग काय होतं ते डोळ्यांत प्राण आणून बघतं. शेवटी खडे मोजायचे, म्हणजे गणितही होतं. कोणाचा अंदाज चुकला हे मात्र मोजायचं नाही. "आता काय दिसलं?" एवढंच विचारायचं.

गट चार मुलांचा करा. सहा जणांचा केला की दोघं मागं उभी राहतात. प्रत्येक गटाला एक परात आणि एक कामवाटप: एकानं ओतायचं, एकानं धरायचं, एकानं मोजायचं, एकानं सगळ्यांना सांगायचं. पुढच्या वेळी कामं फिरवायची. हातातलं काम पंधरा ते वीस मिनिटांत संपलं पाहिजे. त्यापुढे पाणी हातात राहत नाही, अंगावर जातं.

आणि वही. प्रत्येक मुलाची एक कोरी निरीक्षण वही असू द्या. त्यात मूल चित्र काढतं आणि खाली एक वाक्य सांगतं. ते वाक्य त्याच्याच शब्दांत आपण लिहायचं. आमच्याकडची मुलं अहिराणीत बोलतात, तर मी अहिराणीतच लिहिते. "पानी खाले गयं" हे "पाणी खाली गेले" असं सुधारून लिहिलं की मुलाला ते वाक्य आपलं वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाचताही येत नाही. स्वतःचं बोलणं कागदावर बघितलं की मात्र ते बोट ठेवून धडाधड वाचतं. प्रमाण मराठी हळूहळू शेजारी येतेच. नंदुरबारकडे मुलं भिली, पावरी बोलत असतील, तर तिथंही हेच.

जून: लाल मखमली किडे

शाळा उघडते तेव्हा मृग सुरू होऊन आठवडा झालेला असतो. एखादी सर पडून गेली की बांधावर, मैदानाच्या कडेला ते गर्द लाल मखमली किडे निघतात. वर्षातले हे मोजके दिवस दवडू नका, कारण नंतर ते दिसत नाहीत. पांढऱ्या झाकणात एक किडा अलगद घ्यायचा आणि पाय किती ते खड्यांनी विचारायचं. बहुतेक मुलं चार म्हणतात, काही सहा. मग दोघा-दोघांनी वाकून मोजायचे. आठ निघतात. मुंगीला सहा असतात, तेही शेजारी मोजून घ्या. म्हणजे आपण त्याला किडा म्हणत असलो तरी तो मुंगीच्या नव्हे, कोळ्याच्या गोतातला. एवढं त्यांना सांगायला हरकत नाही, कारण हे मोजून कळत नाही. किडा उचलला तिथंच परत सोडायचा, आणि सोडायचं काम मुलांनीच करायचं.

पावसाळ्यात दगड उलटून खाली हात घालायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी पक्का करा. विंचू आणि साप आपल्या भागात याच दिवसांत बाहेर पडतात. दगड उलटायचा असेल तर तो मोठ्यांनी, काठीनं.

पावसाची पट्टी

हा उपक्रम चार महिने चालतो आणि माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात मोलाचा आहे.

सरळ उभ्या भिंतीची दोन लिटरची बाटली घ्या. कंबरेत वळणदार बाटली चालत नाही, कारण तिच्यात पाण्याची उंची फसवते. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवा आणि कडेला चिकटपट्टी लावा, म्हणजे हात कापणार नाही. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून आत मूठभर खडे टाका आणि खडे बुडून वर दोन बोटं येईल इतकं पाणी भरा. त्या पाण्याच्या पातळीवर बाहेरून पक्क्या रंगानं रेघ मारा. ही आपली शून्याची रेघ. बाटली उघड्यावर, झाडापासून आणि पत्र्याच्या पागोळीपासून लांब, चार विटांच्या बेचक्यात ठेवा.

रोज परिपाठ झाला की दोन मुलांची पाळी. रेघेपासून पाणी जिथवर चढलं असेल तिथवर निळ्या कागदाची पट्टी बाटलीला लावून धरायची आणि बरोबर तेवढी कापायची. ती पट्टी भिंतीवरच्या लांब कागदावर त्या तारखेच्या वर चिकटवायची. मग बाटलीतलं पाणी पुन्हा रेघेवर आणायचं. पाऊस नसेल तर तारखेवर फक्त एक टिंब. रविवारी शाळा नसते, म्हणून सोमवारची पट्टी दोन दिवसांची असते. ती वेगळ्या रंगाची करा, नाहीतर सोमवारी नेहमी जास्त पाऊस पडतो असं मुलांना वाटू लागतं. एकदा माझ्या वर्गात तसं वाटलंच होतं.

मिलिमीटर हा शब्द पहिलीला नको. पट्टी हेच माप. जुलै संपेपर्यंत भिंतीवर आपसूक स्तंभालेख उभा राहतो आणि मुलं विचारल्याशिवाय बोलू लागतात: "ही सगळ्यात मोठी, त्या दिवशी बोरीला पूर होता." "इथं नुसती टिंबंच टिंबं." टिंबांची ती रांग म्हणजे पावसाचा खंड. घरी बाप आभाळाकडे बघत बसतो ते हेच, हे मुलाला त्या कागदावरून कळतं. त्या दिवसांत मुलं बाटलीकडे धावत जातात. पावसाच्या ओढीची ती धाव मला फार मोलाची वाटते.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. टिंबांच्या दिवसांत बाटलीतलं पाणी रेघेच्या खाली जातं. सुरुवातीची काही वर्षं मी मुलं यायच्या आत गुपचूप पाणी घालून रेघ भरून ठेवायची, कारण मला वाटायचं मुलांचा गोंधळ होईल. एका जुलैत तेवढं करायचं राहून गेलं. पाळीवरची मुलगी बाटलीपाशी बसली, रेघेवर बोट ठेवलं, पाण्यावर बोट ठेवलं, आणि तिथूनच ओरडली, "मॅडम, पानी कोठे गयं?"

सगळा वर्ग बाटलीभोवती जमला. कुणीतरी पिलं. कुत्र्यानं पिलं. बाटलीला भोक पडलं. "मातीनी पी टाकं," एक मुलगा म्हणाला. भोक आहे का ते बाटली उचलून, खाली कोरडा कागद ठेवून बघितलं. नव्हतं. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं आणि तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. तेव्हापासून दर जुलैत मी रेघ भरत नाही, मुलांना ती रिकामी सापडू देते. पाणी कमी झालेलं त्यांनी पाहिलं, त्यावर बोलणं झालं, की मगच पुन्हा रेघेवर आणायचं. प्रश्न मात्र फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर राहतो.

माती: पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस

आपल्या काळ्या मातीसारखं प्रयोगाचं साहित्य नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून जो काळा पाषाण झाला, त्याची झीज होऊन ही माती बनली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मोठ्यांना हे एका वाक्यात सांगता येतं. मुलांना मातीची भाकरी करायला लावायची.

प्रत्येक गटाला दोन ताटल्या द्या. एकीत चाळलेली काळी माती भिजवून तळहाताएवढी, बोटभर जाडीची भाकरी थापायची. दुसरीत नदीच्या वाळूत थोडीशी काळी माती मिसळून तशीच. नुसत्या वाळूची थापली जात नाही, आणि ते मुलांनाच थापून बघू द्या, दोन मिनिटं जातात पण त्यांना कळतं. आता भाकरीच्या कडेकडेनं ताटलीवर रंगीत खडूनं गोल काढायचा, दोन्ही ताटल्या ओसरीत ठेवायच्या आणि खडे टाकायचे: उद्या भाकरी मोठी होईल, लहान होईल की तेवढीच राहील?

ऊन असेल तर दुसऱ्या दिवशी, ढगाळ असेल तर तीन दिवसांनी काळी भाकरी खडूच्या गोलापासून आत सरकलेली असते. मधल्या फटीत मुलं करंगळी घालून बघतात. वर भेगा. वाळूची भाकरी जवळजवळ जागच्या जागी. "आमच्या वावरात अशाच फटी पडतात, माझी चप्पल अडकली होती," असं कुणी ना कुणी बोलतंच, आणि मग उन्हाळ्यातल्या शेताचा अख्खा विषय त्यांच्याच तोंडून बाहेर येतो.

याच्याच पुढचं पाऊल म्हणजे पोळ्याचे बैल. काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो, शिंग नाहीतर पाय गळून पडतो. म्हणून प्रत्येक मुलानं दोन बैल करायचे. एक नुसत्या मातीचा, दुसरा मातीत चिमूट-दोन चिमटी बारीक भुसा मळून. दोन्ही सावलीत वाळवायचे. तीन-चार दिवसांनी कोणाच्या भेगा जास्त ते बघायचं. भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात, हे मुलांना घरच्या भिंतीवरून, सारवणावरूनही ओळखता येतं. एक वर्ष एका मुलाची आजी यासाठीच शाळेत आली आणि शेण-माती का कालवतात ते तिनं स्वतः हात घालून दाखवलं. आजी-आजोबांना असं बोलवत जा. आपल्याला पुस्तकात न सापडणारे शब्द त्यांच्याकडे असतात.

तीन बाटल्या उलट्या टांगून, तोंडाला फडकं बांधून, काळी माती, वाळू आणि मुरूम यातून पाणी किती लवकर गळतं हेही बघता येतं. माती तिन्हीत सारखी मोजून, पाणी सारखं मोजून घाला. काळी माती ढेकळांची असली तर पाणी फटींतून भसकन निघून जातं आणि सगळा प्रयोग फसतो, म्हणून ती आधी कुटून चाळून घ्या.

बी रुजवताना आधी हे वाचा

बियाणाच्या पाकिटातलं बी वर्गात आणायचं नाही. कधीच नाही. कापसाचं, मक्याचं, बाजरीचं विकतचं बियाणं औषध लावलेलं असतं, आणि ते ओळखू यावं म्हणून गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं असतं. मुलांना तोच रंग आवडतो. मी एकदा नुसतं "घरून बी घेऊन या" म्हटलं आणि एका मुलानं पेरणीतून उरलेलं गर्द गुलाबी बी खिशात आणलं, वर शेजारच्याला खेळायलाही दिलं. वेळीच दिसलं, दोघांचे हात साबणानं धुतले, काही झालं नाही. पण चूक माझी होती. मी मुलांना नीट सांगितलं नव्हतं. आता मी "आईच्या डब्यातले मूग, मटकी, गहू" असंच सांगते आणि पालकांनाही तसा निरोप देते.

मूग ओल्या फडक्यात बांधून ठेवले की श्रावणातल्या उबेत दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. हे सगळ्यांनी घरी पाहिलेलं असतं, म्हणून त्यावर फार वेळ घालवू नका. खरी मजा नवरात्रात आहे. घरोघरी घट बसतात, काळ्या मातीत धान्य पेरतात, आणि नऊ दिवसांत पिवळसर लांब धनं वर येतं. शेतातला गहू हिरवा आणि घरातला पिवळा का?

दोन वाट्यांत सारखी माती, सारखे वीस-वीस गहू, सारखं पाणी. एक वाटी खिडकीत, दुसरी खोक्याखाली. पाणी रोज त्याच चमच्यानं. आठव्या-नवव्या दिवशी खोकं काढायचं. अंधारातलं रोप पिवळं, पांढुरकं आणि उजेडातल्यापेक्षा उंच. मुलांना याचंच नवल वाटतं, कारण उंच म्हणजे चांगलं असं त्यांनी धरलेलं असतं. "ते उजेड शोधायला वर गेलं" हे वाक्य बहुतेक वर्षी मुलांकडूनच येतं. पुढं अंधारातली वाटी खिडकीत ठेवा आणि दोन-तीन दिवस काय होतं ते बघा. ती हिरवी होते. ज्यांच्या घरी घट बसत नाही त्या मुलांनी दोन्ही वाट्या सांभाळायच्या, म्हणजे कोणी बाजूला पडत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत

दिवाळीनंतर वर्ग थोडा रोडावतो. काही मुलं आई-वडिलांबरोबर वेचणीला वावरात जातात. ती परत येतात तेव्हा त्यांना जे माहीत असतं ते मला नसतं. म्हणून या दिवसांत मी त्यांना पुढं बसवते.

पूर्ण फुटलेलं एक-एक बोंड प्रत्येक गटाला द्या. कप्पे किती? चार किंवा पाच. प्रत्येक कप्प्यातला कापूस हातानं पिंजून सरकी वेगळी करायची, दहा-दहाचे ढीग लावायचे. एका बोंडातून साधारण पंचवीस ते चाळीस सरक्या निघतात. सगळ्या गटांच्या मिळून किती हे मोजायला मुलं स्वतःहून बसतात. निपुण भारत अभियानात पहिलीच्या मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या यायला हव्यात असं ठरलं आहे. त्या संख्या छापील कागदापेक्षा सरकीच्या ढिगातून लवकर येतात. नंतर हात साबणानं धुवायचे, कारण शेतात फवारण्या झालेल्या असतात. सरकी तोंडात घालायची नाही.

आता पाण्याची परात. वावरातला सरकी काढलेला कापूस आणि औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस, दोन्हीचे लिंबाएवढे सैल गोळे. बुडेल की तरंगेल? मुलं दोन्हीसाठी एकाच झाकणात खडे टाकतात, कारण कापूस तो कापूस. दोन्ही एकदम पाण्यावर ठेवा, दाबू नका.

दुकानातला कापूस बघता बघता पाणी पितो आणि काही क्षणांत तळाला जातो. वावरातला वरच राहतो. मधली सुट्टी होते, खिचडी होते, तो तसाच वर. या वेळी वर्गात जी शांतता पसरते ती मला दरवर्षी ऐकावीशी वाटते. ज्या मुलानं सकाळी बापाच्या गाठोड्यावर बसून तोच कापूस तुडवलेला असतो, त्यालाही हे ठाऊक नसतं. कारण असं की बोंडातल्या धाग्यावर निसर्गानंच मेणाचा पातळ थर दिलेला असतो, पाणी त्याच्यावर धरत नाही. दवाखान्याचा कापूस उकळून, धुऊन तो मेणाचा थर काढलेला असतो, म्हणून तो रक्त शोषतो. पहिलीला मी एवढंच म्हणते: "त्याच्या अंगाला मेण आहे. मेणबत्तीवर पाणी टाकून बघा." मुलं बघतात, थेंब घरंगळतो. पुरे.

तरंगण्या-बुडण्याचे बाकीचे प्रयोग याच परातीत उरकून घ्या. भरताचं वांगं तरंगतं, बटाटा बुडतो, केळं तरंगतं. चिकणमातीचा गोळा बुडतो, त्याचीच वाटी केली तर तरंगते. पाण्यात मूठ-मूठ मीठ विरघळवत गेलं तर बटाटा वर येतो. मीठ बरंच लागतं, मध्येच धीर सोडू नका.

डिसेंबर: सावलीवर झोपायचं

सावलीच्या बाबतीत आपल्या प्रदेशाला एक देणगी आहे. खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो, तेव्हा भर दुपारी तो आपल्या आकाशात ४५ अंशांच्या किंचित वर असतो. म्हणजे त्या वेळी प्रत्येक वस्तूची सावली जवळजवळ त्या वस्तूएवढीच पडते. चाळीसगावपासून तळोद्यापर्यंत कुठंही करा, तीन-चार बोटांचाच काय तो फरक.

भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, त्यामुळे आपल्याकडे सूर्य दिवसातला सगळ्यात उंच येतो तो साडेबाराच्या आसपास. मधल्या सुट्टीच्या आधीची ही वेळ शाळेला सोयीची आहे.

१५ ते २९ डिसेंबरमधला कोणताही निरभ्र दिवस चालेल. मुलांच्या जोड्या करा. बारा पंचवीसला मैदानावर या. एकानं ताठ उभं राहायचं, दुसऱ्यानं सावलीच्या डोक्याशी आणि पायाशी खडूनं किंवा राखेनं रेघ मारायची. मग उभ्या मुलानं हळूच त्या सावलीवर पाठ टेकून झोपायचं. टाचा पायाच्या रेघेला, डोकं वरच्या रेघेकडे. सावली बरोबर मापाची निघते. मुलं उठून पुन्हा झोपतात. मला झोपायला लावतात. हे फक्त याच दिवसांत होतं, हे त्यांना पुढच्या महिन्यांत कळायला हवं, म्हणून पुढचं काम महत्त्वाचं आहे.

मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवा. ओळंब्यानं, म्हणजे दोऱ्याला दगड बांधून, ती उभी आहे का बघा. दर महिन्याच्या २१-२२ तारखेला साडेबाराला तिची सावली दोऱ्यानं मोजायची आणि तो दोरा तारखेची चिठ्ठी लावून भिंतीवर टांगायचा. डिसेंबरचा दोरा जवळजवळ काठीएवढा. मार्चचा जेमतेम ३८ सेंटिमीटर. एप्रिलचा वीतभरही नाही. भिंतीवरचे आखूड होत जाणारे दोरे बघून मुलं म्हणतात, "सूर्य वर चढी ऱ्हायना," म्हणजे वर चढतो आहे. पुढे मेच्या शेवटच्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली पायाशी नाहीशी होते, पण तेव्हा सुट्टी असते. तसाच दिवस पुन्हा १७ जुलैच्या आसपास येतो. ढग फाकले तर नशीब, म्हणून काठी उपटू नका.

जुन्या ज्योतिषात अशा उभ्या काठीला शंकू म्हणत. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. सहल पाटणादेवीला जाणार असेल तर मुलांना एवढं जरूर सांगा, की आपण शाळेत मोजतो ती सावली मोजणारी माणसं आपल्याच भागात होऊन गेली. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र प्रत्येक वेळी, प्रत्येकाला.

फाल्गुन

पळस फुलला की सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना टोपलीभर फुलं सहज मिळतात. ती वाळवून गरम पाण्यात रात्रभर ठेवली की केशरी-पिवळा रंग उतरतो. धुळवडीला तोच वापरा. गरम पाणी ओतायचं काम आपलं.

हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल होतो, हे प्रत्येक आईला माहीत असतं. जुन्या पांढऱ्या कापडाला हळदीचं पाणी लावून वाळवा, छोटे तुकडे करा. मुलांनी काडीनं साबणाच्या पाण्याचा ठिपका द्यायचा, मग त्यावर लिंबाचा. लाल होतो, पुन्हा पिवळा होतो. याला चुना वापरतात असं वाचायला मिळेल, पण मुलांच्या हाती चुना देऊ नका. डोळ्यात गेला तर इजा होते.

शाळेतलं एक निंबाचं झाड वर्षभरासाठी "आपलं झाड" करून ठेवलेलं असेल, दर महिन्याला त्याचं चित्र वहीत काढलेलं असेल, तर फाल्गुनातलं चित्र काढताना मुलं आपणहून मागची पानं उलटतात.

मार्च-एप्रिल: माठ

शाळा सकाळची होते. दहा वाजताच पत्रा तापतो. मैदानातली कामं आठच्या आत, आणि दर अर्ध्या तासानं सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान लागो वा न लागो. सावलीची काठी मोजायला या दिवसांत साडेबाराला मुलांना थांबवू नका. दोरा आपण एकट्यानं मोजून दुसऱ्या दिवशी दाखवा.

फळ्याच्या कोपऱ्यातला जुलैचा प्रश्न आता हातात घ्यायचा. आधी तीन स्टीलच्या ताटल्या. प्रत्येकीत बाटलीच्या झाकणानं मोजून पाच झाकणं पाणी. एक उन्हात, एक सावलीत, एक उन्हातच पण दुसरी ताटली उपडी झाकून. स्टीलच्या ताटलीत माती नाही, त्यामुळे "मातीनी पी टाकं" हा अंदाज मुलं आपणच मागं घेतात. उन्हातली ताटली आधी कोरडी होते. झाकलेली उघडली की वरच्या ताटलीच्या आतल्या बाजूला थेंब चिकटलेले असतात. त्या थेंबांवर बोट फिरवू द्या, घाई करू नका. इथं मी दोन दिवस घालवते.

मग तीन भांडी. आखाजी जवळ आलेली असते, बाजारात घागरी आणि बोळकी येतात. एक कोरं मातीचं बोळकं, दुसरं तसंच पण बाहेरून तैलरंगानं पूर्ण रंगवलेलं, आणि एक स्टीलचा पेला. बोळकी आदल्या रात्री पाणी भरून ठेवलेली असावीत, म्हणजे माती पाण्यानं मुरते. सकाळी तिन्हींत एकाच बादलीतलं पाणी भरायचं आणि सावलीत, वारा लागेल अशा दारात ठेवायचं. खडे टाकायचे: सगळ्यात गार कोणतं?

दीड-दोन तासांनी मुलांनी रांगेनं यायचं आणि प्रत्येक भांड्याला गाल लावायचा. तळव्यापेक्षा गालाला फरक नीट कळतो. कोरं बोळकं गार, बाहेरून दमट. रंगवलेलं आणि पेला कोमट. रंगवलेलं बोळकंही मातीचंच आहे, मग ते गार का नाही, यावर त्यांना एकमेकांशी भांडू द्या.

ज्या मुलीनं जुलैत बाटलीवर बोट ठेवलं होतं, ती त्या वर्षी कोऱ्या बोळक्यापाशी बराच वेळ बसली. बाहेरून हात फिरवला, ओला हात फुंकला, पुन्हा फिरवला. मग रंगवलेल्यावर हात फिरवला, तो कोरडा राहिला. "मॅडम, यानं पानी बाहेर येस आनि उडी जास," ती म्हणाली, "त्यानं नही येस." मग उठून फळ्याच्या कोपऱ्यापाशी गेली आणि जुलैचा प्रश्न पुसू का म्हणून विचारलं. मी खडू तिच्या हातात दिला आणि तिचं वाक्य त्या प्रश्नाच्या खाली लिहायला सांगितलं. दोन शब्द तिनं स्वतः लिहिले, बाकीचे मी.